लॉन राहू द्या, आधी पॉलिसी वाचा बघू

प्रश्न : वय ४४, नोकरी, दोन मुलं. लोणावळ्याच्या बंगल्याचं ३८ लाखांचं कर्ज बाकी. पावसाळाभर लॉनमध्ये घोटाभर चिखल असतो. माती बदलून, पाइप टाकून नवं लॉन करायला ठेकेदार साडेतीन लाख सांगतो. चार लाखांची एफडी (तेवढीच शिल्लक) मोडू की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ? कर्जासोबत घेतलेल्या विमा पॉलिसीचे पैसे सहाव्या वर्षी मिळतील, त्यातून ते फेडेन.

उत्तर : दोन्ही नको. तुमच्या फोटोत छपराच्या पन्हाळीचा पाइप थेट लॉनमध्येच सोडलेला दिसतो. हजार चौरस फूट छपरावर दिवसात १०० मिमी पाऊस (लोणावळ्याच्या जुलैत यात नवल नाही) म्हणजे नऊ हजार लिटर पाणी. ते गटारापर्यंत न्या. काही हजारांचं काम आहे. पाऊस थांबला की दडपलेली माती टोचून वाळू भरा आणि एक पावसाळा बघा.

आता न विचारलेलं. तुम्ही पाठवलेली पॉलिसी मी वाचली. तुम्ही बहुधा वाचलेली नाही. सहाव्या वर्षी छदामही मिळत नाही. वर्षाला १.२ लाख, दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी २२ लाख घ्यायचे. परतावा जेमतेम चार टक्के. त्याच्या भरवशावर १४ टक्क्यांचं कर्ज? आणि कर्जासोबत पॉलिसी घ्यावीच लागते, ही निव्वळ थाप.

तीन हप्ते गेले, ते गेले. उरलेले सात पीपीएफमध्ये टाकले, तर ७.१ टक्के दर टिकल्यास त्याच विसाव्या वर्षापर्यंत त्यांचेच २२ लाख होतात. पॉलिसी पेड-अप केल्यावर (म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) जे मिळेल ते वर.

पण पेड-अप लगेच करू नका. या पॉलिसीत विमा किती, तर १२ लाख! उद्या तुमचं बरंवाईट झालं तर बायकोच्या हाती १२ लाख आणि डोक्यावर ३८ लाखांचं कर्ज. आधी किमान दीड कोटींचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, तो हातात पडला की मगच हप्ते थांबवा. अर्जात सिगारेट, बीपी, जे असेल ते लिहा. लपवलंत तर दावा अडकेल.

एफडीला हात लावू नका. नोकरी गेली तर कर्जाचे हप्ते त्यातूनच जायचे आहेत.