वर्गात फोन फक्त शिक्षकाकडे आहे, मग मुलांचे विज्ञानातले गैरसमज मोबाईल अ‍ॅपने कसे शोधायचे?

प्लिकर्स वापरा, त्याला एकच फोन पुरतो, मुलांना फक्त कागदावर छापलेली कार्डं द्यायची, ती ए बी सी डी पैकी जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरून कार्ड दाखवतात आणि तुम्ही कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय निवडलं ते लगेच दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड बघून पटकन कळत नाही, त्यामुळे कॉपी कमी होते.

पण खरी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचे पर्याय म्हणजे मुलांच्या डोक्यातलेच गैरसमज हवेत, उगाच भरतीचे नकोत. उदा. चेंडू सरळ वर फेकलाय, हात सुटलाय, अजून वर जातोय, हवेचा रोध सोडून द्या, तर त्याच्यावर बल कुठल्या दिशेने?

ए) वर
बी) खाली
सी) दोन्हीकडे, पण वरचं जास्त
डी) बलच नाही

उत्तर बी, फक्त गुरुत्वाकर्षण. व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंही ए किंवा सी धरतात, कारण 'गती आहे तिकडे बल असणारच' हे मनात पक्कं बसलेलं असतं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1991 मध्ये अशीच पद्धत सुरू केली: आधी प्रत्येकाचं उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. म्हणून पहिल्या फेरीनंतर बरोबर उत्तर लगेच सांगू नका.

फक्त एक, कार्डावरून मुलाने काय निवडलं ते कळतं, का निवडलं ते नाही, आणि बी अंदाजानेही लागतं, म्हणून वहीत एका ओळीत कारण लिहून घ्याच.