ऐकायला सगळ्यात आवडतं वाद्य कोणतं? माझ्यासाठी सारंगी, आणि तिच्या मागे सतत वाजणारा तंबोरा

तुम्ही विचारलंय की ऐकायला सगळ्यात जास्त आवडणारी वाद्यं कोणती आणि का. स्वतःला वाजवता येत नसलं तरी उत्तर चालेल. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. मी फक्त ऐकते, पण ते गेली वीसेक वर्षं जवळजवळ रोज. म्हणून ऐकणारीच्या बाजूने लिहिते.

पहिलं नाव सारंगीचं, आणि त्याबद्दल माझ्या मनात अजिबात चलबिचल नाही.

सारंगी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती वाद्य आहे हेच कळलं नव्हतं. ख्यालाचं एक जुनं ध्वनिमुद्रण ऐकत होते. गायिकेने ओळ पूर्ण केली, श्वास घेतला, आणि आवाज मात्र पुढे चालूच राहिला. वाटलं, मागे आणखी कुणीतरी गातंय. तीच जागा चार-पाच वेळा मागे नेऊन ऐकली तेव्हा लक्षात आलं की गाणारं दुसरं कुणी नाही. त्या दिवसापासून कोणतंही वाद्य ऐकताना मी नकळत एकच गोष्ट शोधते: हा आवाज एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर कसा जातो? उडी मारून जातो, की वळत, रेंगाळत, मधल्या सगळ्या जागांना हात लावत जातो? मला ओढ आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या वाद्यांची. आपल्याकडे त्या जाण्याला मींड म्हणतात, आणि सारंगी जणू मींडेसाठीच घडवली आहे.

ती वाजते कशी हे समजल्यावर तर माझं ऐकणंच बदललं. सारंगीत तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत. डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी जी कातडी असते ती तारेला बाजूने टेकवायची आणि वर-खाली सरकवायची. उजव्या हातात गज, म्हणजे तारेवर घासायची धनुकली. पडदे नाहीत, कुठल्या जागी कोणता स्वर हे सांगणारी एकही खूण नाही. वाजवणाऱ्याच्या नखांपाशी वर्षानुवर्षांचे घट्टे पडलेले असतात. मुख्य तारा तीन, आतड्याच्या. त्यांच्या खालून पस्तीसच्या आसपास धातूच्या बारीक तारा जातात, त्या तरफा. वाजवताना त्यांना कुणी छेडत नाही. मुख्य तारेवर स्वर नेमका लागला की त्या स्वराला मिळवलेली तरफ आपसूक झंकारते. स्वर जरा इकडेतिकडे झाला की तो झंकार विरतो. म्हणजे सूर खरा लागला की नाही याचा साक्षीदार वाद्याच्या पोटातच बसलेला असतो. सारंगीच्या आवाजाभोवती जो एक ओलसर उजेड असतो ना, तो या तरफांचा. पुढच्या वेळी मुख्य स्वर सोडून फक्त तो उजेड ऐकून बघा.

ती लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरतात आणि तिच्या भागांना पेट, छाती आणि मगज अशी नावं आहेत. पेटावर चामडं मढवलेलं असतं. ज्यांनी ही नावं दिली त्यांनाही त्यात माणूसच दिसला असणार.

सारंगी म्हणजे रडकं वाद्य, हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर इथे बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. हे खरं नाही. करुण रस तिच्यात उत्तम येतो, पण तो चांगल्या गळ्यातही येतो. म्हणून कुणी गळ्याला रडका म्हणत नाही. द्रुत लयीतल्या सपाट ताना, गजाच्या एका ओढीत सरसर उतरणारे स्वर, तबल्याशी चाललेली चढाओढ हे सगळं सारंगीवर ऐकलं की तिच्यात किती तेज आहे ते समजतं. यासाठी पंडित रामनारायण यांच्यापासून सुरुवात करावी. जन्म १९२७चा. १९४४ मध्ये लाहोरच्या रेडिओवर साथीदार म्हणून लागले, फाळणीच्या वेळी दिल्लीला आणि १९४९ मध्ये मुंबईला आले, चित्रपटसंगीतात वाजवलं, आणि १९५०च्या दशकात साथ सोडून एकट्याने मैफल करायची असं ठरवलं. त्या काळी सारंगीवाल्याने गायकाच्या मागे बसायचं हे इतकं ठरून गेलेलं होतं की हा निर्णय घ्यायला मोठीच हिंमत लागली असेल. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०२४ मध्ये ते गेले. त्यांची आलापी ऐकताना मला प्रत्येक वेळी गजाच्या टोकाशी येणारी ती अवघड जागा आठवते, जिथे गज परत फिरतो. तिथे आवाज तुटायला हवा. त्यांच्या हातात तो तुटत नाही.

उस्ताद सुलतान खाँही ऐका. ते गातही असत, आणि त्यांची सारंगी ऐकताना हे क्षणोक्षणी जाणवतं.

आता तंबोरा. याला आवडतं वाद्य म्हटल्यावर काही जण चमकतात, कारण त्यावर कुणी राग वाजवत नाही. चार तारा, बहुतेक वेळा पंचम (प), मग दोन जोडीचे षड्ज (सा), शेवटी खर्ज (खालचा सा), आणि त्या एकामागून एक छेडत राहायच्या. एवढंच. पण मला ऐकायला शिकवलं ते तंबोऱ्याने.

सगळी किमया जवारीत आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी हलका गोलवा दिलेला असतो. तार कंप पावताना त्या गोलव्याला सतत निसटती टेकत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधली की तारेतून तो गुंजारव फुटतो, त्यालाच जवारी लागली असं म्हणतात. दोरा केसभर हलला तरी आवाज बोथट होतो. या घोडीचं नवल सर सी. व्ही. रामन यांनाही वाटलं होतं. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिलं. जुन्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वरासोबत आपसूक उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वरांचा) स्थिर बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो ते उपस्वर आवाजात उमटायला नकोत. या घोडीवरून जाणाऱ्या तारेत मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, असं त्यांनी दाखवलं. कारागिरांच्या पिढ्यांनी नुसत्या कानाने जे साधलं होतं त्याचं उत्तर शोधायला रामन यांच्यासारखा माणूस बसला, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि या उपस्वरांतच गंधार (ग) असतो. चारांपैकी एकही तार गंधाराला मिळवलेली नसते, तरी खर्ज छेडल्यावर क्षणभराने वरच्या बाजूला गंधार उमलतो. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा हा उपस्वर. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि यापेक्षा योग्य शब्द मला सुचणार नाही. मला तो ऐकू यायला कित्येक महिने लागले. एकदा आला तो आला. आता तंबोरा लागला की मी त्याचीच वाट बघते.

रुद्रवीणा, म्हणजे बीन, माझ्या यादीत तिसरी. आडव्या दांडीला दोन मोठे भोपळे. हिला पडदे आहेत, पण मींड काढायला तार पडद्यावर धरून बाजूला ओढतात. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी भोपळे मोठे करून घेतले, दांडी जाड केली आणि मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) न लावता नुसत्या बोटांनी वाजवलं. त्यांचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, एकेक स्वर इतका वेळ टिकतो की पुढचा स्वर येईपर्यंत आपण मागच्यातच असतो. एक गोष्ट कळकळीने सांगते: बीन मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे स्वर त्यातून येतच नाहीत आणि मग हे वाद्य कंटाळवाणं वाटतं. चांगले हेडफोन घ्या, आवाज बेताचा ठेवा, आणि आलापाला घाई करू नका.

सरोद आणि सतार यांत मी सरोदच्या बाजूची. सरोदची पट्टी पोलादाची आणि गुळगुळीत, पडदे नाहीत. तार छेडायला नारळाच्या करवंटीचा जवा आणि डाव्या हाताच्या नखाची कड. खालचं पोट चामड्याचं, म्हणून आघात झाला की आवाज जोरकस उठतो आणि लवकर मावळतो. त्या मावळत्या आवाजातच मींड घ्यायची असते. उस्ताद अली अकबर खाँ हे ज्या शांतपणे करतात ते मला अजून दुसऱ्या कुणात सापडलं नाही. सतारीत विलायत खाँ आणि निखिल बॅनर्जी, दोघेही मनापासून आवडतात. तिथे जास्त थांबत नाही, त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहून ठेवलंय.

माझ्याच कसोटीला न बसणारं एक वाद्य मात्र मला अतिशय प्रिय आहे, ते म्हणजे संतूर. कलमांनी, म्हणजे हलक्या लाकडी काड्यांनी, तारांवर आघात करायचे. मींड जवळजवळ अशक्य. पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईत ते वाजवलं तेव्हा जाणकारांनी हीच शंका काढली होती: ज्यात स्वर धरून ठेवता येत नाही त्यात आलाप कसा करणार? शर्माजींनी तारांची संख्या आणि मांडणी बदलली, आणि कलम तारेवर इतक्या हलक्या हाताने थरथरवायला लागले की सुटे ठोके मिसळून एक अखंड रेघ ऐकू येते. ती मींड नाही. पण कान ती मींड समजून घ्यायला तयार होतो, आणि त्या तयारीत ऐकणाऱ्याचाही वाटा असतो. असं आणखी कुठल्या वाद्याने माझ्याकडून करून घेतलेलं नाही.

हार्मोनियमबद्दल माझं मत बदलत गेलं. पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट घेतलेलं हे वाद्य. पट्ट्या ठरलेल्या, स्वर ठरलेले, दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये त्याच्यावर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. कारण म्हणून दिलं जायचं ते चुकीचं नव्हतं, आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या बारीक जागा, पेटीत बसत नाहीत. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचे. मग गोविंदराव पटवर्धनांची साथ लक्ष देऊन ऐकली. नाट्यपदात गायकाने जागा घेतली की तिची सावली पेटीतून लगेच, पण कणभर मागून येते. जी मींड पेटीत नाही ती ते भात्याच्या दाबाने आणि स्वर सोडण्याच्या वेळेने सुचवतात. तंबोऱ्यासमोर पेटीचा गंधार मला आजही किंचित चढा वाटतो, आणि तो चढा आहेच. तरी ती साथ काढून घेतली तर मला चालणार नाही.

दूरच्या वाद्यांपैकी दोनच सांगते. आर्मेनियाचं दुदुक: जर्दाळूच्या लाकडाची नळी आणि तिला रुंद दुहेरी पत्ती. ते ऐकताना सनई आठवते, पण सनईचा आवाज उघड्यावर दूरवर पोचतो आणि दुदुक कानाशी येऊन बोलतं. त्यात दोन वादक असतात, एक धून वाजवतो आणि दुसरा संपूर्ण वेळ एकच आधारस्वर धरून ठेवतो. गाल फुगवून नाकाने श्वास घेत तो स्वर तुटू न देणारा हा दुसरा माणूस मला तंबोऱ्याचा सख्खा भाऊ वाटतो. जिवान गास्पार्यान यांचं वादन सहज मिळेल. दुसरं वाद्य चेलो. त्याचा पल्ला पुरुषाच्या गळ्याच्या खूप जवळचा, आणि पडदे नसल्यामुळे बोट तारेवर सरकतं तेव्हा सारंगीची आठवण येते. बाखने केवळ एका चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचना आहेत. पाब्लो कासाल्स यांनी १९३६ ते १९३९ या काळात केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण जुनं आहे, खरखरतं, पण मी परत परत त्याकडेच जाते.

तबल्याचं नाव घेतलं नाही म्हणून कुणी रागावू नये. डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घुमक हीसुद्धा मींडच आहे आणि माझे कान तिच्याकडे असतात. पण तालाच्या वाद्यांवर लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल.

तुम्हाला कुठून सुरुवात करावी असा प्रश्न असेल तर एक करा. कुठलाही राग, कुठलाही कलाकार शोधायच्या आधी फक्त तंबोऱ्याचं एखादं लांब ध्वनिमुद्रण लावा. शक्यतो खऱ्या तंबोऱ्याचं, यंत्रातलं नको. हेडफोन लावून दहा मिनिटं बसा आणि चौथी तार, खर्जाची, छेडली गेल्यानंतरच्या क्षणाकडे कान ठेवा. पहिल्या दिवशी बहुधा काही मिळणार नाही. आठवडाभर करून बघा. आणि तो गंधार सापडला की इथे नक्की कळवा, मी वाट बघेन.