ईस्टरनंतरचा दुसरा सोमवार

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सलाम.

पत्र मिळालं. रविवारी पहाटेच्या उपासनेत "प्रभू उठला आहे" म्हणून घसा बसेपर्यंत गायलीस आणि सोमवारी वॉर्डात एका आजोबांच्या बेडसोअरचं ड्रेसिंग करत उभी होतीस. या दोन्हींचा एकमेकींशी संबंध काय, काका? असं विचारलंस. बरं केलंस. आमच्या वयाची माणसं हे विचारायचंच विसरतात.

आपल्यात पुष्कळांना वाटतं की पुनरुत्थान म्हणजे आत्मा देहातून सुटला आणि वर गेला. एवढंच असतं तर कबर रिकामी कशाला हवी होती? शिष्यांना भूत दिसल्यासारखं वाटलं, तेव्हा येशूने हातपाय दाखवले आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खाल्ला, असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तर "बोट इकडे कर" म्हणाला. म्हणजे मरण जिंकून आला, पण खिळ्यांचे व्रण घेऊनच आला. देवाने देह भंगारात काढला नाही. आजोबांच्या पाठीवरची ती जखम तू धुतेस, ती पाठही देवाने टाकून दिलेली नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय सावकाश वाच. पेत्र आणि इतर काही शिष्य मासे धरायला गेलेले, रात्रभर जाळी टाकून हात रिकामेच. पहाटे किनाऱ्यावर येशू, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. याच पेत्राने मुख्य याजकाच्या वाड्यात हात शेकत "मी त्याला ओळखत नाही" म्हटलं होतं, तेही कोळशाच्याच विस्तवापाशी. मूळ ग्रीकमधला तो शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशूने पेत्राचा हिशेब तिथेच मिटवला, पण आधी म्हणाला, "या, न्याहारी करा." मग तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस का?" नाकारणंही तीनदाच झालं होतं. वॉर्डात चुकलीस, सिस्टर सगळ्यांसमोर बोलल्या, तोंड दाखवायला नको वाटलं, की हा किनारा आठव.

आता प्रेषित पौलाचं सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय पुरता पुनरुत्थानावर आहे, 58 वचनं. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, इथपर्यंत तो जातो. शेवटी शेवटचा कर्णा वाजतो, मरणाला नांगीच उरत नाही. आता स्वर्गाचं वर्णन येईल असं वाटतं, तर हा म्हणतो, कामाला लागा, तुमचे श्रम फुकट जात नाहीत. आणि लगेच पुढची ओळ यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी कशी बाजूला काढायची त्याची! अध्याय नंतर कुणी पाडले, त्याने एका दमात लिहिलं होतं. मी मंडळीचा खजिनदार होतो, तेव्हा या ओळीने मला फार धीर दिला. (वर्गणी मात्र तेवढी जमली नाही.)

एक गोष्ट सांभाळ. तुझ्या काकू गेल्या त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. जो तो म्हणत होता, "रडू नका, त्या प्रभूजवळ आहेत." ते खरंच होतं, माझाही त्यावर विश्वास होता, तरी मला बोलणाऱ्यांचा राग आला. काकूंच्या चष्म्याला दोऱ्याची गाठ मारलेली होती, तो टेबलावर तसाच पडला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पुढे केव्हातरी लक्षात आलं, मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. तेव्हा एखाद्या पेशंटचे नातेवाईक रडत असतील तर पुनरुत्थानाची वचनं घेऊन धावू नकोस. खुर्ची दे, पाणी दे, थांब.

आणि हो, नाइट करून आल्यावर काही न खाता झोपतेस, अशी तुझ्या आईची तक्रार आहे. आधी न्याहारी कर.

तुझा,
काका