वाचकांचे प्रश्न : बेसबॉलमधले धनाढ्य संघ आणि बाकीचे

प्रश्न : लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) संघाच्या एकूण पगारखर्चाला काही कमाल मर्यादा आहे की नाही?

उत्तर : नाही. मालकांनी ती आणायचा हट्ट धरला आणि १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. मर्यादेऐवजी आहे तो लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरावीक रेषेपेक्षा जास्त पगार देणाऱ्या संघावरचा कर. २०२५ मध्ये त्याची रेषा २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. रेषेच्या वरच्या रकमेवरच कर बसतो : पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. शिवाय दोन कोटींच्या टप्प्याटप्प्याने अधिभार चढत जातो.

सलग तिसऱ्यांदा रेषा ओलांडणाऱ्या संघाचे पगार ३१ कोटी १० लाखांवर गेले असं धरा, म्हणजे सात कोटी जास्त. पहिल्या दोन कोटींवर ५० टक्क्यांनी १ कोटी, पुढच्या दोन कोटींवर ६२ टक्क्यांनी १ कोटी २४ लाख, त्यापुढच्या दोन कोटींवर ९५ टक्क्यांनी १ कोटी ९० लाख आणि उरलेल्या एक कोटीवर ११० टक्क्यांनी १ कोटी १० लाख. एकूण कर ५ कोटी २४ लाख. शेवटी घेतलेला एक कोटीचा खेळाडू दोन कोटी दहा लाखांना पडला! रेषेच्या चार कोटी वर गेलं की ड्राफ्टमधली (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायची पद्धत) पहिली निवडही दहा जागा मागे जाते. एक वर्ष रेषेखाली राहिलात, तर दर पुन्हा २० टक्क्यांपासून सुरू.

डॉजर्सना हे झेपतं ते स्थानिक टीव्हीच्या पैशावर. २०१४ पासूनचा त्यांचा केबल करार २५ वर्षांचा आणि ८३५ कोटी डॉलरचा आहे. देशव्यापी प्रसारणाचे पैसे सगळ्या ३० संघांना सारखे मिळतात. दरी पडते ती गावच्या टीव्हीमुळे आणि तिकिटांमुळे.

प्रश्न : पण श्रीमंत संघांचा पैसा छोट्या संघांना वाटला जातो ना? मग ते खर्च का करत नाहीत?

उत्तर : वाटला जातो, आणि बऱ्यापैकी. प्रत्येक संघ निव्वळ स्थानिक उत्पन्नाचे ४८ टक्के सामाईक खात्यात भरतो आणि ते खातं सगळ्यांत समान वाटलं जातं. समजा एकाचं उत्पन्न ४० कोटी, दुसऱ्याचं १० कोटी आणि सरासरी २० कोटी. प्रत्येकाच्या वाट्याला ९ कोटी ६० लाख येतात. पहिल्याकडे ३० कोटी ४० लाख उरतात, दुसऱ्याकडे १४ कोटी ८० लाख. चौपटीची तफावत दुपटीवर आली.

खरी गोम पुढे आहे. वर जायला दंड आहे, पण खाली राहायला काहीच आडकाठी नाही. किमान पगारखर्चाची अट लीगमध्ये नाही. मिळालेला पैसा संघ सुधारण्यासाठी वापरावा असं मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या करारात लिहिलंय खरं, पण ते सिद्ध कसं करणार? २०१८ मध्ये खेळाडू संघटनेने याच मुद्द्यावर मायामी, ओकलंड, पिट्सबर्ग आणि टँपा बे या चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली होती. आमच्या मते कमाल मर्यादेची चर्चा किमान मर्यादेशिवाय अर्धवट आहे. सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे.

प्रश्न : मग मिलवॉकीसारखा छोटा संघ २०२५ मध्ये सर्वांत जास्त, ९७ सामने कसा जिंकतो?

उत्तर : सहा वर्षांच्या हिशेबावर. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. साधारण पहिली तीन वर्षं खेळाडू किमान पगाराच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन लवादाच्या दराने (पगारावर एकमत झालं नाही तर तटस्थ लवाद तो ठरवतो), आणि सहा वर्षं भरली की कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. छोटा संघ खेळाडू मोकळा व्हायच्या आधीच त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकतो. मिलवॉकीने पिचर कॉर्बिन बर्न्सला शेवटचं एक वर्ष उरलं असताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये बाल्टिमोरला दिलं आणि बदल्यात जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल व ड्राफ्टमधली एक निवड घेतली.

दिवसांचा खेळ इथेच चालतो. २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटचे १७१ दिवस भरले, एक कमी, आणि शिकागो कब्जला तो आणखी एक वर्ष मिळाला. कब्ज काही गरीब नव्हेत! ब्रायंट तक्रारीत हरला.

फसतं ते पारख चुकली की. पिट्सबर्गने २०१८ मध्ये पिचर ख्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे टँपाला दिले. श्रीमंत संघ अशी चूक चेक फाडून झाकतो. पिट्सबर्गला मात्र नव्या ड्राफ्टची वाट बघत बसावं लागतं. आणि ९७ विजयांनंतरही मिलवॉकीला प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) डॉजर्सनी ४-० ने घरी पाठवलंच.

प्रश्न : डॉजर्सचा खेळाडू शोहेई ओहतानी याच्या दहा वर्षांच्या करारातल्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी नंतर द्यायचे, ही करचुकवेगिरी नाही का?

उत्तर : नाही. लक्झरी टॅक्ससाठी त्या कराराची आजची किंमत धरतात, ती वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख होते. ओहतानी आज वर्षाला हातात २० लाखच घेतो म्हणून टॅक्सच्या वहीत २० लाख लागत नाहीत. असा करार करायची मुभा कुठल्याही संघाला आहे.