कॅमेरा हाती न धरता छायाचित्रांवर लिहिता येईल का?

प्रिय विद्यार्थी,

तत्त्वज्ञान घेऊन तुम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि पुढे छायाचित्रांवर समीक्षा लिहावी, अशी तुमची इच्छा आहे. परंतु ‘जो फोटो काढत नाही, त्याला फोटोवर बोलण्याचा अधिकार नाही’ या छायाचित्रकार मित्राच्या बोलण्याने तुम्ही अडखळला आहात, असे तुमच्या पत्रातून कळले.

मित्राचे म्हणणे मला अर्धेच पटते. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ला शांब्र क्लेर’ या पुस्तकात आपण छायाचित्रकार नाही हे आरंभीच मान्य केले आणि फोटो पाहणारा व ज्याचा फोटो निघतो तो, या दोनच बाजूंनी लिहिले. निवर्तलेल्या आईचा, ती पाच वर्षांची असतानाचा फोटो त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे, पण तो छापलेला नाही. कारण इतरांच्या दृष्टीने तो केवळ एक जुना फोटो ठरला असता. प्रकाशयोजनेची कितीही जाण असली तरी असे निरीक्षण हाती लागतेच असे नाही, आणि तुमचे तत्त्वज्ञान उपयोगी पडेल ते नेमके इथेच.

धोका मात्र आहे. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’त, यातनांची चित्रे पुन्हा पुन्हा पाहून मन बधिर होते, असे मांडले होते, २००३ साली त्यांनी स्वतःच त्या विधानाबद्दल शंका घेतली. समोरचा एकेक फोटो सोडून ‘छायाचित्रण’ या एका शब्दावर लिहू लागले की अशी सरसकट विधाने सहज होतात. म्हणूनच ब्रिटिश कलासमीक्षक जॉन बर्जर यांची वाट मला अधिक भरवशाची वाटते: मुळात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले बर्जर छायाचित्रकार जाँ मोर यांच्यासोबत काम करत. दोघांच्या १९८२ च्या ‘अनदर वे ऑफ टेलिंग’ या पुस्तकात मोर यांनी आपले फोटो निरनिराळ्या लोकांना दाखवून त्यांना काय दिसते ते विचारले आणि मग प्रत्यक्षात काय घडले होते ते सांगितले.

पुढील शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील कलेतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील कला व सौंदर्यशास्त्राचा एम.ए. पाहावा. केवळ समीक्षेवर घर चालणे कठीण आहे. अध्यापन, संग्रहालय किंवा प्रकाशनसंस्थेतील नोकरी तिच्या जोडीला धरूनच आखणी करा.

तूर्त सुट्टीत महिनाभर गावातल्या एखाद्या स्टुडिओत बसा, काट-छाट आणि रिटचिंग कसे होते ते पाहा, आणि घरातल्या एकाच फोटोवर, कोणत्याही विचारवंताचे नाव न घेता, दोन पाने लिहून मला पाठवा.