निर्गुंडीचा अर्क रायदिंगमध्ये पास, हॉट प्लेटवर नापास: चूक कुठे?

तुम्ही लिहिलंय की निर्गुंडीच्या पानांच्या अर्काने माइसमध्ये रायदिंग (अ‍ॅसिड टोचल्यावर पोट पिळणं) निम्म्याहून कमी झालं, हॉट प्लेटवर (तापलेल्या पत्र्यावर माऊस चटका किती वेळ सोसतो, ती टेस्ट) मात्र काहीच फरक नाही, आणि स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही तिथे चाललं नाही. मशीन बिघडलंय का? मशीन बहुधा ठीक आहे. स्टँडर्ड चुकलंय.

हॉट प्लेटचा ५५ अंशांचा चटका थेट बसतो, सूज येऊन प्रोस्टाग्लँडिन (सूज-वेदना वाढवणारं शरीरातलं रसायन) तयार व्हायला सवडच नसते. डायक्लोफेनॅक अडवतं ते प्रोस्टाग्लँडिन, म्हणून ते इथे हात टेकतं. इथे मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारं ट्रामाडॉलसारखं औषध लागतं (२०१८ पासून तेही एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, कागदपत्रं आधी बघा). मोजताना फक्त मागचा पाय चाटणं किंवा उडी धरा. पुढचे पाय माऊस एरवीही चाटतो. १५ सेकंदांना कट-ऑफ, नाहीतर पाय भाजतात.

ट्रामाडॉल चाललं आणि अर्क नाही, तर तो निकालच आहे: परिणाम असलाच तर सुजेच्या जागी आहे, मेंदूत नाही. ‘असलाच तर’ अशासाठी, की रायदिंग टेस्ट भारी भोळी आहे. गुंगी आणणारं किंवा स्नायू सैल करणारं काहीही दिलं तरी माऊस पोट कमी पिळतो आणि कागदावर वेदनाशमन दिसतं. त्यामुळे त्याच डोसला, त्याच वेळेला रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची टेस्ट) लावाच. अर्क दिलेले माइस दांड्यावरून लवकर पडत असतील, तर तुमचे रायदिंगचे आकडे धरता येणार नाहीत.

रायदिंगचं अ‍ॅसिडही तपासा. ०.६ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, किलोला १० मिलि, म्हणजे २५ ग्रॅमच्या माऊसला ०.२५ मिलि, पोटात. पाच मिनिटं सोडून पुढची २० मिनिटं मोजणी. द्रावण रोज ताजं करा, आणि मोजणाऱ्याला ग्रुप कळू देऊ नका.

परिणाम सुजेच्या जागी की मेंदूत, हा वाद एकाच टेस्टमध्ये मिटवायचा तर फॉर्मेलिन: २.५ टक्के, २० मायक्रोलिटर, मागच्या तळपायात. पहिली ५ मिनिटं थेट मज्जातंतूची कळ, १५ ते ३० मिनिटं सुजेची. अर्काने फक्त दुसरा टप्पा उतरला, तर तुमचं उत्तर मिळालं. आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीच्या) मंजुरीत ही टेस्ट नसेल तर आधी दुरुस्ती मागा.

सुजेच्या टेस्टसाठी कॅरॅजीनन (टोचल्यावर सूज आणणारा पदार्थ), रॅट्समध्ये. १ टक्का, ०.१ मिलि, तळपायाच्या कातडीखाली. अर्क तासभर आधी तोंडाने. इथे डायक्लोफेनॅक योग्य स्टँडर्ड. पहिल्या तासाभरातली सूज हिस्टामिन-सेरोटोनिनची, तिसऱ्या तासानंतरची प्रोस्टाग्लँडिनची, म्हणून एकाच वेळेचं रीडिंग घेऊन थांबू नका. दर तासाला, पाचव्यापर्यंत. बहुतेक गोंधळ प्लेथिस्मोमीटरमध्ये (पायाची सूज मोजायच्या यंत्रात) पाय कमी-जास्त बुडवल्याने होतो. घोट्यावर मार्करने रेघ मारा, दर वेळी त्या रेघेपर्यंतच, आणि शक्यतो एकाच माणसाने. सुई काढताना थेंब बाहेर आला तर तो रॅट तेव्हाच नोंदवून बाजूला ठेवा, आकडे पाहिल्यावर नाही.

अर्क कशात विरघळवलात ते लिहिलं नाहीत. डीएमएसओ हा द्रावक असेल तर ते स्वतःच दुखणं आणि सूज कमी करतं, ०.५ टक्के सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) बरं. व्हेइकल ग्रुप (अर्काशिवाय नुसतं द्रावण दिलेला) त्याच द्रावणाचा हवा, नुसत्या सलाईनचा नव्हे. पानं ओळखून घेतली नसतील तर पुण्यात बीएसआय (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) किंवा आघारकर संस्थेत नमुना द्या, पण फांदी फुलांसकट न्या.

शेवटी डोस. माऊसचा ४०० मिग्रॅ/किलो १२.३ ने (माऊसवरून माणसाचा डोस काढायच्या ठरावीक आकड्याने) भागला की माणसासाठी साधारण ३२ मिग्रॅ/किलो येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम अर्क. सुक्या पानांतून १० टक्के अर्क निघत असेल तर २० ग्रॅम सुकी पानं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हा हिशेब विचारला जाऊ शकतो.