नवा जनरेटर घेतलाय? आधी जागा ठरवा

जनरेटर घराबाहेर, उघड्यावरच ठेवायचा. दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजचं शटर उघडं आहे, बाल्कनी मोकळी आहे, असल्या सबबी नकोत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस म्हणतो जरा पडतो, आणि मग उठतच नाही. तसं काही वाटलं तर आधी सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या, मशीन नंतर बघा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

दुसरं, जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवायचा 'जुगाड' कोणी शिकवला तर हात जोडा. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते. घराला जोडायचाच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा स्विच, बसवून घ्या. नाहीतर जाड वायरची, बाहेर वापरायची एक्स्टेंशन कॉर्ड घ्या आणि ती पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवली की तापते.

लोडचा हिशोब करताना फ्रिज, पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वॉट ओढतात हे धरा. आधी मशीन चालू, मग एकेक उपकरण.

पेट्रोल भरायचं ते बंद करून, थंड झाल्यावरच. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडतो. ऑइल मात्र दर वेळी बघा.